खोट कुठली आणि गोडी कुठली: ‘फार क्राय २’ खेळताना अडखळलेल्या एका अभ्यासगटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका लहान अभ्यासगटाचे आहे. जुन्या व्हिडिओ गेम शेवटापर्यंत खेळायच्या आणि त्यांच्या रचनेवर चर्चा करायची, एवढेच या गटाचे काम होते. गटाची सूत्रे माझ्याकडे होती, त्यामुळे येथे नोंदवलेले बहुतेक निर्णय माझे आहेत आणि त्यांतल्या चुकाही माझ्याच आहेत. उरलेल्या चौघांचा उल्लेख ओळख उघड होऊ नये म्हणून अ, ब, क आणि ड असा केला आहे. अ या सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतात आणि त्यांचे खेळणे बहुतांशी गेल्या काही वर्षांतल्या ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवे तिथे फिरू देणाऱ्या, गेमपुरते होते. ब यांनी ही गेम ती बाजारात आली त्याच सुमारास खेळली होती. क हे विद्यार्थी होते आणि ड यांचा मूळ ओढा डावपेचांच्या गेमकडे होता.

निवडलेली गेम होती ‘फार क्राय २’. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओत तयार झालेली ही गेम ऑक्टोबर २००८ मध्ये पीसी, एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर आली. २००४ च्या पहिल्या ‘फार क्राय’शी तिच्या कथेचा काहीही संबंध नाही, तो भाग क्रायटेक या दुसऱ्याच स्टुडिओने केला होता. दुसऱ्या भागासाठी माँट्रियलच्या चमूने जे इंजिन, म्हणजे गेम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, वापरले त्याचे नाव ‘दुनिया’ असे आहे, आणि नाव वाचून आपल्या माणसाला जे वाटते तोच त्याचा अर्थ आहे.

कथा आफ्रिकेतल्या एका अनाम देशात घडते. देशात यादवी चालू आहे, यूएफएलएल आणि एपीआर हे दोन गट एकमेकांशी लढत आहेत आणि दोघांनाही शस्त्रे पुरवणाऱ्या ‘जॅकल’ नावाच्या व्यापाऱ्याला ठार करण्यासाठी खेळाडूला तेथे पाठवले आहे. नऊ भाडोत्री सैनिकांपैकी एकाची निवड करून खेळाडू टॅक्सीने शहरात येतो, पोहोचता पोहोचता मलेरियाने आडवा होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा जॅकल स्वतः त्याच्या खाटेशेजारी उभा असतो. ज्याला मारायला आलो त्यानेच आपल्याला आजारी अवस्थेत पाहावे आणि न मारता निघून जावे, ही सुरुवात आजही प्रभावी वाटते.

ही गेम निवडण्याचे कारण तिची दुभंगलेली कीर्ती हे होते. तिच्याबद्दल बोलणारे लोक एक तर तिला आपल्या काळाच्या पुढची गेम म्हणतात किंवा ती अर्ध्यावर सोडल्याचे सांगतात, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू कारण म्हणून बहुधा त्याच गोष्टींकडे बोट दाखवतात. असे का होते हे आम्हाला पाहायचे होते.

तिचे आकर्षण कशात आहे हे पहिल्याच बैठकीत सर्वांना कळले. पडद्यावर कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. नकाशा पाहायचा असेल तर पात्र कागदी नकाशा आणि जीपीएसचे यंत्र प्रत्यक्ष हातात धरते, आणि त्या वेळी जग थांबत नाही. गाडी चालवताना नकाशा उघडला तर रस्ता आणि नकाशा यांच्यात नजर फिरवत राहावी लागते. जखम झाली तर पात्र हातात रुतलेली गोळी चिमट्याने उपसून काढते. शत्रूकडून उचललेली बंदूक गंजलेली असते आणि ऐन वेळी अडकते. वाळलेल्या गवताला लागलेली आग वाऱ्याच्या दिशेने पसरते, आणि वारा कोणाची बाजू घेत नाही. या सगळ्यामुळे खेळाडू पडद्यासमोर बसलेला न राहता त्या शरीरात उतरल्यासारखा होतो. क यांनी पहिल्या दिवशी नोंदवहीत लिहिले होते की असा घाम त्यांना नव्या गेममध्ये कधी फुटला नव्हता.

समस्या

ठरल्याप्रमाणे गेम आठ आठवड्यांत संपवायची होती. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिघांचे खेळणे बंद पडले होते. ड यांनी सहा तासांनंतर, अ यांनी नऊ तासांनंतर आणि क यांनी चौदाव्या तासाच्या आसपास गेम बाजूला ठेवली होती. ब खेळत होते, पण ते जुन्या ओळखीवर खेळत होते. त्यांना कोणता रस्ता टाळायचा हे आधीच माहीत होते.

तिघांच्या तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत होत्या, तरी त्यांचे मूळ एका जागी होते. या जगात रस्त्यांच्या जवळजवळ प्रत्येक फाट्यावर सशस्त्र चौकी आहे. चौकीतले सैनिक मारून पुढे जावे, थोडे अंतर गेल्यावर परत फिरावे, तर चौकी पुन्हा भरलेली असते, जणू मघाशी काही घडलेच नाही. गाडी न थांबवता चौकी ओलांडली तर मागून जीप लागते, तिच्यावरच्या मशीनगनने गाडीच्या चिंध्या होतात, मग उतरायचे, लढायचे, इंजिनाचे झाकण उघडून पान्याने दुरुस्ती करायची, पुन्हा निघायचे आणि पुढच्या फाट्यावर हेच सगळे पुन्हा करायचे. मोहिमेचे ठिकाण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असले, आणि ते बहुधा असतेच, तर जाताना चार-पाच चौक्या आणि येताना त्याच चार-पाच चौक्या, हा हिशेब चुकत नाही. अ यांनी एका बैठकीतल्या सव्वादोन तासांची नोंद ठेवली होती. त्यातली प्रत्यक्ष मोहीम पंचवीस मिनिटांची होती.

दुसरी तक्रार कथेच्या मुळाशी जाणारी होती. शहरातल्या युद्धबंदीच्या भागाबाहेर जो दिसेल तो खेळाडूवर गोळी झाडतो. यूएफएलएलसाठी काम करून बाहेर पडलो तरी त्यांचेच सैनिक गोळ्या घालतात. गेमचे स्पष्टीकरण असे की कामे गुप्त आहेत, म्हणून खालच्या सैनिकांना आपली ओळख नाही. हे स्पष्टीकरण एकदा ऐकायला बरे आहे. परंतु त्यामुळे दोन गटांमधला फरक, त्यांचे वैर, आपण कोणासाठी काम करतो याचे वजन, हे सगळे रस्त्यावर आल्याबरोबर नाहीसे होते. देश युद्धात आहे असे सांगितले जाते, पण दोन गट एकमेकांशी लढताना जवळपास दिसत नाहीत. सगळे युद्ध एकट्या खेळाडूशी चालू असते. साधी माणसे तर जवळजवळ नाहीतच. हरणे, झेब्रे, म्हशी फिरतात, आणि तेवढीच काय ती नागरी वस्ती.

येथे माझी पहिली चूक झाली. तिघांनी तक्रारी मांडल्यावर मी गेमची बाजू घेतली. क्लिंट हॉकिंग हे या गेमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर होते. २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना त्यांनी ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ही संज्ञा मांडली होती. गेमची कथा एक सांगते आणि तिचे नियम दुसरेच शिकवतात, अशा विसंगतीला ती लावली जाते. असा माणूस गेम घडवत असताना चौक्या नकळत राहून गेल्या असतील काय, असा माझा युक्तिवाद होता. हा त्रास हेतुपुरस्सर आहे, युद्धाची निरर्थकता अंगावर यावी म्हणून आहे, तेव्हा धीर धरा, असे मी सांगितले. बोलणे पटण्यासारखे होते. त्याचा परिणाम मात्र असा झाला की पुढच्या बैठकीला तक्रारी आल्याच नाहीत आणि खेळल्याचे तासही वाढले नाहीत. ड यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले की त्या दिवसानंतर कंटाळा आला असे म्हणणे म्हणजे आपल्याला समजले नाही असे कबूल करणे ठरत होते, म्हणून ते गप्प राहिले.

विचारात घेतलेले पर्याय

चौथ्या आठवड्याच्या बैठकीत पुढे काय करायचे हा एकच विषय ठेवला.

गेम बदलावी, असे ड यांचे म्हणणे होते. २०१२ चा ‘फार क्राय ३’ याच मालिकेतला आहे आणि त्यात हा प्रश्न सोडवलेला आहे. तिथे चौकी एकदा जिंकली की ती कायमची आपली होते आणि तिथून थेट दुसऱ्या जिंकलेल्या ठिकाणी जाता येते. पर्याय सोपा होता. पण आम्ही ज्या प्रश्नासाठी बसलो होतो तो प्रश्नच त्याने टळला असता.

पीसीवर खेळाडूंनी बनवलेले मोड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणारी जोडणी, मिळतात आणि त्यांतून शस्त्रांचा टिकाऊपणा, शत्रूंचा कणखरपणा अशा गोष्टी बदलता येतात, हा क यांनी आणलेला दुसरा पर्याय. त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मोड लावून गेम सुसह्य झाली असती यात शंका नव्हती. अडचण अशी होती की काय बदलायचे हे ठरवण्यासाठी कोणती गोष्ट खोट आहे आणि कोणती गोडी आहे हे आधी माहीत असावे लागते, आणि नेमके तेच आम्हाला अजून ठरवता आलेले नव्हते. औषध आधी आणि निदान नंतर, असा तो प्रकार झाला असता. उरलेला भाग दुसऱ्याच्या खेळाच्या व्हिडिओंतून पाहावा, ही सूचना कोणी फारशी लावून धरली नाही.

ब यांची सूचना याच्या अगदी उलट दिशेची होती. गेम आणखी कठीण करून खेळावी, एकच जीव, मेलो की संपले, असे त्यांनी सुचवले. २००९ मध्ये एका खेळाडूने ही गेम नेमकी अशीच खेळून त्याचा वृत्तांत लिहिला होता, आणि त्यानंतर अनेकांनी ती पद्धत उचलली. प्रत्येक चौकीपुढे जीव खरोखरच पणाला लागला तर चौकी कंटाळवाणी राहणार नाही, हा त्यामागचा विचार मला आवडला, पण ज्यांची इच्छा आधीच मेली आहे त्यांच्यावर एकाच जीवाची अट लादणे शहाणपणाचे नव्हते.

शेवटी आम्ही गेम तीच ठेवायची, पण तिच्याकडे पाहण्याचा प्रश्न आणि तिच्यातून प्रवास करण्याची पद्धत बदलायची, असा मधला मार्ग घेतला.

केलेली कृती

प्रश्न बदलण्याचे श्रेय अ यांचे आहे. सॉफ्टवेअर तपासणीत एखादे वर्तन हे वैशिष्ट्य आहे की दोष, यावर रोज वाद होतात आणि ‘बनवणाऱ्याच्या मनात काय होते’ या प्रश्नाने ते वाद कधीच सुटत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी त्यांनी एक कसोटी सुचवली: गेमने अडथळा आणला की त्यामुळे तुमचा पुढचा निर्णय बदलला का, एवढेच नोंदवायचे. बदलला असेल तर अडथळ्याने काही काम केले. बदलला नसेल आणि नुसता वेळ गेला असेल, तर हेतू कितीही थोर असो, ती खोट. मी हेतूच्या मागे लागलो होतो. त्यांनी परिणामाकडे बोट दाखवले.

प्रवासाची पद्धत मी ठरवली. मुख्य रस्ते टाळायचे. नकाशाच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांकडे असलेल्या बस थांब्यांचा वापर करायचा. नदी असेल तेथे बोट घ्यायची, कारण पाण्यावरच्या पहाऱ्याला वळसा घालणे रस्त्यापेक्षा सोपे जाते. आणि उरलेले अंतर पायी कापायचे. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त मोहिमा घ्यायच्या नाहीत. काठिण्यपातळी ज्याला हवी तशी कमी करावी. या नियमांपैकी दोन मोहिमांची मर्यादा सर्वांत उपयोगी ठरली. ही गेम सलग चार तास खेळली की तिचे दोष एकमेकांवर रचले जातात. तीच गेम तासभर खेळली तर एखादी चौकी ही घटना राहते.

नियमांना विरोध झाला तो ड यांचा. पायी चालण्याच्या नियमानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कळवले, “मी आता गेम खेळत नाही, तुमचे नियम खेळतो आहे.” या वाक्यावर मी त्या वेळी पुरेसा थांबलो नाही. दोन दिवसांनी त्यांना या गटातून मोकळे केले आणि तुलनेसाठी ‘फार क्राय ३’ खेळून त्याची नोंद आणायला सांगितले. ते त्यांनी आनंदाने केले.

नोंदी येऊ लागल्या तशा त्या अपेक्षेपेक्षा जास्त बोलक्या निघाल्या.

बंदूक अडकणे हे जवळजवळ प्रत्येक वेळी कसोटीला उतरले. दुकानातून घेतलेली बंदूक सुरुवातीला स्वच्छ असते, वापराने तिच्यावर गंज चढत जातो आणि तो हातातल्या बंदुकीवर डोळ्यांनी दिसतो. एकदा विकत घेतलेल्या शस्त्राची नवी प्रत दुकानाशेजारच्या कोठारात हवी तेवढी मिळते. त्यामुळे मोहिमेआधी वाट वाकडी करून कोठारात जायचे की आहे त्या बंदुकीवर भागवायचे, पडलेल्या शत्रूचे शस्त्र उचलायचे की नाही, हे निर्णय सतत घ्यावे लागतात. क यांनी एका मोहिमेत केवळ बंदुकीच्या रंगाकडे पाहून माघार घेतली होती. गेमने काहीही न सांगता खेळाडूने असा विचार करावा, ही रचनेची मोठी कमाई आहे.

मलेरिया त्या मानाने पोकळ ठरला. कल्पना जबरदस्त आहे. नायकाचे शरीरच त्याच्या विरोधात आहे. प्रत्यक्षात मात्र अधूनमधून दृष्टी पिवळट होते, एक बटण दाबायचे, गोळी घ्यायची, संपले. गोळ्या संपत आल्या की भूमिगत मदत करणाऱ्या लोकांपर्यंत प्रवासाचे कागद पोहोचवून नव्या गोळ्या मिळवायच्या. सतरा नोंदींपैकी दोनच नोंदींत मलेरियाने निर्णय बदलला होता. उरलेल्या वेळी तो आजार नव्हता, आठवण करून देणारा गजर होता.

आणि चौक्या? येथे उत्तर दोन तुकड्यांत आले. एखाद्या चौकीशी पहिल्या दोन-तीन गाठी पडताना निर्णय खरोखर बदलत होते. टेकडीवरून दुर्बिणीने पाहायचे, मशीनगन कुठे आहे आणि दारूगोळ्याचा ढीग कुठे आहे हे नकाशावर टिपायचे, वाऱ्याची दिशा बघायची, मग ठरवायचे. चौथ्यांदा त्याच चौकीपाशी आल्यावर सगळे आधीच माहीत असते. ठरवण्यासारखे काही उरत नाही, उरते ती फक्त अंमलबजावणी. चौकी असणे ही गोडी आणि तीच चौकी तशीच्या तशी पुन्हा भरणे ही खोट, इतके नेमके विभाजन होईल असे मला वाटले नव्हते. सैनिकांची संख्या बदलली असती, कधी चौकी ओस पडलेली मिळाली असती, कधी दोन गट तेथे आपसांत लढताना दिसले असते, तर तोच रस्ता चौथ्यांदाही नवा वाटला असता.

सर्वांत लांब नोंद अ यांची होती आणि ती मी येथे थोडक्यात देतो, कारण गेमची ताकद तिच्याइतकी नेमकी मला इतरत्र दिसली नाही. त्यांनी रात्री एका तळावर हल्ला करायचे ठरवले. तळाच्या एका अंगाला आग लावायची, सैनिक तिकडे धावले की दुसऱ्या अंगाने आत शिरायचे, असा बेत होता. वारा त्यांच्याच दिशेला वळला. आगीतून मागे हटताना बंदूक अडकली आणि त्या कोसळल्या. या गेममध्ये साथीदार तयारीत असेल तर अशा वेळी तो धावून येतो, खेळाडूला ओढत आडोशाला नेतो आणि सोबत लढतो. वॉरेन क्लाइड नावाचा साथीदार आला, त्याने त्यांना वाचवले आणि त्याच चकमकीत तो स्वतः पडला. अ त्याच्याजवळ पोहोचल्या तेव्हा त्यांच्याकडे औषधाची एकच सिरिंज होती. ती दिली, ती पुरली नाही. पुढे काय करायचे हे गेम खेळाडूवर सोपवते: त्याला तसाच टाकून जाता येते किंवा पिस्तुलाने त्याच्या यातना संपवता येतात. अ यांनी पिस्तूल वापरले. त्यांनी लिहिले होते की यातली एकही गोष्ट कोणी आधी लिहून ठेवलेली नव्हती. वारा, गंज, एक सिरिंज आणि त्यांचा स्वतःचा उतावळेपणा यांनी मिळून ती घडवली होती.

हॉकिंग यांनी २००९ मध्ये एका व्याख्यानात आपली भूमिका साधारण अशी मांडली होती की खेळाडूचा बेत लहान लहान आघातांनी विस्कटला तर तो आखलेल्या खेळाकडून सुचेल तशा खेळाकडे वळतो. अ यांची रात्र हे त्याचे शुद्ध उदाहरण आहे. चौक्यांचे चौथे फेरे हे त्याच तत्त्वाचे बिघडलेले रूप. तिथे आघात आहे पण विस्कटण्यासारखा बेतच नाही.

निष्पत्ती

आठऐवजी अकरा आठवडे लागले. अ आणि ब यांनी गेम पूर्ण केली. क दुसऱ्या नकाशापर्यंत, म्हणजे बोवा-सेको या दक्षिणेकडच्या भागापर्यंत पोहोचून थांबले. नवा प्रदेश मिळाला पण तीच मांडणी पुन्हा आली, हे त्यांचे कारण होते. गेमचा एकूण विस्तार सुमारे ५० चौरस किलोमीटर सांगितला जातो. आकड्याने क यांचे समाधान झाले नाही आणि माझेही होत नाही, कारण विस्तार मोजायचा तर त्यात वेगवेगळे काय घडते यावरून मोजायला हवा.

मोहिमांच्या एकसारखेपणावर ब आणि माझा मतभेद शेवटपर्यंत मिटला नाही. दोन्ही गटांची कामे जवळपास सारखी आहेत, ज्याला उद्ध्वस्त करायला सांगितले त्याचेच काम पुढच्या वेळी घ्यायचे, आणि दोन्हींकडची माणसे तितक्याच थंडपणे बोलतात. ब यांच्या मते हेच गेमचे म्हणणे आहे; या युद्धात बाजूच नाहीत. मला ते मान्य आहे. पण ते म्हणणे चौथ्या मोहिमेपर्यंत पोहोचते आणि त्यानंतर गेम तेच पुन्हा पुन्हा बोलत राहते. बोलणे म्हटले म्हणून एक गोष्ट सांगायला हवी: पात्रांचे संवाद इतक्या घाईने उरकले जातात की सुरुवातीला आमच्यापैकी दोघांना आपल्या संगणकातच बिघाड आहे असे वाटले होते.

ड यांनी ‘फार क्राय ३’ वरून आणलेली नोंद या प्रकरणात अनपेक्षितपणे महत्त्वाची ठरली. तिथे जिंकलेली चौकी आपली राहते, त्यामुळे प्रवास सुखाचा होतो आणि प्रगती नकाशावर दिसते. पण जसजशा चौक्या जिंकल्या जातात तसतसे बेट शांत होत जाते, आणि अर्ध्या वाटेवर त्यांना असे आढळले की लढायला जागा शोधत फिरावे लागते. त्यांच्या शब्दांत, एका गेममध्ये जग खेळाडूची दखलच घेत नाही आणि दुसऱ्या गेममध्ये जग खेळाडूपुढे हळूहळू शरण जाते. ज्या सदस्याला मी गटातून मोकळे केले त्याच्याकडूनच गटाच्या मूळ प्रश्नावरचे सर्वांत चांगले वाक्य यावे, याची नोंद घेणे मला भाग आहे.

शेवटाविषयीही लिहायला हवे. ज्यांना अजून खेळायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. अखेरच्या टप्प्यात जिवंत राहिलेले साथीदार हिऱ्यांच्या पेटीसाठी खेळाडूवरच उलटतात आणि त्यांना मारावे लागते. मग जॅकल समोर येतो आणि सामान्य लोकांना सीमेपार काढण्याची योजना मांडतो: एकाने हिरे नेऊन सीमेवरच्या पहारेकऱ्यांना लाच द्यायची, दुसऱ्याने स्फोटकांनी घाटातली वाट बंद करायची. कोणतेही काम निवडले तरी खेळाडू त्यातून जिवंत बाहेर पडत नाही. ब यांना हा शेवट त्या काळीही भावला होता आणि आताही भावला. अ यांचे म्हणणे वेगळे होते. उलटलेल्या साथीदारांत वॉरेन नव्हता, कारण त्या रात्रीच तो गेला होता; त्याला आपण आधीच गमावले हे बरे झाले, असे वाटल्याचे त्यांनी सांगितले. हा दिलासा गेमच्या लेखकांनी लिहिलेला नाही, पण त्यांनी रचलेल्या नियमांशिवाय तो शक्यही नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिली तक्रार आली तेव्हा मी हेतूचा बचाव करायला नको होता. निर्मात्याचा विचार वाचलेला असणे हे चर्चेत उपयोगी पडते, पण ते आधी सांगितले की बाकीच्यांच्या अनुभवावर झाकण बसते. आमच्या गटाचे दोन आठवडे या झाकणाखाली गेले. हॉकिंग यांच्या भूमिकेची माहिती शेवटच्या बैठकीपर्यंत राखून ठेवली असती तर तक्रारी अधिक कच्च्या आणि अधिक खऱ्या स्वरूपात आल्या असत्या.

अ यांची कसोटीही निर्दोष नाही, आणि हे त्यांनीच दाखवून दिले. बंदूक अडकली, निर्णय बदलला, हे मोजता येते. पण सूर्यास्ताच्या वेळी सवानाच्या गवताळ प्रदेशातून बोटीने जाताना काहीही घडत नाही, कोणताही निर्णय बदलत नाही, आणि तरी तो वेळ वाया गेला असे कोणालाही वाटले नाही. कसोटी अडथळ्यांना लागू पडते, शांततेला नाही. हे आम्ही सुरुवातीला लिहून ठेवले असते तर प्रवासाच्या नोंदींवरून झालेला एक निष्फळ वाद टळला असता.

ड यांच्याबाबतीत दोन गोष्टी चुकल्या. त्यांना नियम खेळावे लागत आहेत हे त्यांनी सांगितले तेव्हा मी ते त्यांच्या आवडीनिवडीवर ढकलले. खरे तर तो आमच्या पद्धतीवरचा आक्षेप होता: रस्ते टाळून गेम चांगली होत असेल, तर रस्त्यांची रचना फसली आहे असाच त्याचा अर्थ होतो, आणि आम्ही ती फसगत खेळाडूच्या शिस्तीने झाकत होतो. शिवाय तुलनेची गेम एकालाच देण्याऐवजी सर्वांनी तिचे पहिले दोन-तीन तास खेळायला हवे होते.

काठिण्यपातळीचा निर्णय मात्र मी पुन्हा तसाच घेईन. पातळी कमी केल्याने चौक्या लवकर पार पडल्या आणि आगीची, वाऱ्याची, गंजाची गोडी कमी झाली नाही. कठीणपणा गेला की गोडीही जाईल, ही ब यांना वाटलेली भीती खरी ठरली नाही.

गटाने पुढच्या सत्रासाठी दुसरी गेम घेतली आहे. पहिल्या पानावर निर्मात्यांविषयी काहीही न लिहिण्याचे ठरले आहे. क यांनी आपला सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, पुसलेला नाही; बोवा-सेकोमधल्या एका आसऱ्याच्या घरात, खाटेशेजारी, गंज चढत आलेली बंदूक घेऊन त्यांचे पात्र अजून उभे आहे.